सासऱ्यांची कवळी

गल्लीत त्यांना सगळे दातवाले म्हणत. ते डॉक्टर नव्हते. कुणाचा दात त्यांनी आयुष्यात उपटला नव्हता. डॉक्टर लोक म्हाताऱ्या माणसांच्या हिरड्यांचं माप घेऊन त्यांच्याकडे पाठवत आणि दातवाले त्या मापावरून कवळी बनवून देत. काम घरातच चाले. तिसऱ्या मजल्यावरच्या चार खोल्या, त्यातली एक लांबोडकी खोली कामाची. खिडकीखाली टेबल, टेबलावर मेणाचं भांडं, बारीक शेगडी, कवळीला चकाकी आणायचं विजेवर फिरणारं चाक आणि भिंतीवरच्या फळ्यांवर ओळीने मांडलेले प्लॅस्टरचे पांढरे जबडे. प्रत्येक जबड्यावर पेन्सिलीने नंबर. ज्यांची तोंडं कधी पाहिली नाहीत अशा शेकडो माणसांचे जबडे त्यांना ओळखीचे होते. एखादी जुनी कवळी दुरुस्तीला आली की तिची झीज बघूनच ते सांगत, हा माणूस डाव्या बाजूने चावतो, याला विडी ओढायची सवय आहे, ही बाई कवळी फक्त पाहुणे आले की लावते.

बोलणं बेताचं. 'नाही' हा शब्द त्यांच्या तोंडून फारसा कोणी ऐकला नव्हता. बायको पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर बसायची. दिवसभर लोकांच्या शिव्या खाऊन ती संध्याकाळी घरी यायची, तेव्हा न बोलणारा नवरा तिला फार सोयीचा वाटायचा. एकुलती एक मुलगी दुसऱ्या शहरात वसतिगृहात राहून शिकत होती. दातवाल्यांना गर्व असा एकाच गोष्टीचा. बावीस वर्षांत त्यांची एकही कवळी 'बसत नाही' म्हणून परत आलेली नव्हती.

मग सासरे आले.

सासरे म्हणजे निवृत्त शाळा तपासनीस. तीस वर्षं ते गावोगावच्या शाळा तपासत हिंडले आणि प्रत्येक शाळेच्या वहीत शेरा लिहून आले. निवृत्तीनंतर वही सुटली, शेरा सुटला नाही. आता उरलेसुरले चार दात काढून त्यांना पूर्ण कवळी बसवायची होती, आणि घरचा जावई असताना बाहेर कशाला जा, असा साधा विचार. त्यांच्याबरोबर सासूबाई आल्या, कारण त्यांच्या पथ्याचं कोण बघणार. सासूबाईंबरोबर मेहुणा आला, कारण सामान कोण उचलणार. मेहुण्याला घरात छोटू म्हणत. छोटू छत्तीस वर्षांचा होता आणि सहा फुटाला दोन बोटं कमी.

"कवळी झाली की निघालो," दारातच सासरे म्हणाले. "किती दिवस लागतात तुमच्याकडे, जावईबापू?"

"हिरड्या भरून यायला वेळ लागतो, बाबा. तोवर तात्पुरती देईन. नंतर पक्की."

"सावकाश होऊ द्या. काम चोख हवं."

मुलीची खोली सासूसासऱ्यांना मिळाली. छोटू बाहेरच्या खोलीतल्या सोफ्यावर पसरला. सोफा त्याच्या मानाने आखूड होता, म्हणून त्याने पायाशी खुर्ची लावली, ती दातवाल्यांची कामाची खुर्ची होती. दातवाले स्टुलावर बसून काम करू लागले.

चार दात शेजारच्या दवाखान्यात काढून झाले, हिरड्या भरल्या. पक्की कवळी तयार झाली. दातवाल्यांनी ती नेहमीपेक्षा दुप्पट वेळ घेऊन बनवली होती. दात निवडताना सासऱ्यांच्या जुन्या फोटोतलं हसू शोधलं होतं, तर फोटोत ते कुठेच हसत नव्हते, म्हणून अंदाजाने रंग घेतला. सासऱ्यांनी कवळी घातली, आरशात पाहिलं, दोनदा जबडा उघडमीट केला आणि शेरा दिला.

"समाधानकारक. सुधारणेस वाव."

"म्हणजे?"

"उजवीकडे टोचते."

दातवाल्यांनी उजवी बाजू किंचित घासून दिली. चार दिवसांनी ती डावीकडे टोचू लागली. डावी घासली. मग खालची हलू लागली. खालची नव्याने बनवली. मग वरची जड वाटू लागली. प्रत्येक वेळी सासरे जेवणाच्या टेबलावर कवळी काढून वाटीत ठेवत, हताशपणे तिच्याकडे बघत आणि म्हणत, "अशा अवस्थेत प्रवास करणं काही बरं नाही." सासूबाई लगेच दातवाल्यांच्या बायकोला सांगत, "यांच्यासाठी मऊ काहीतरी कर गं." मऊ केलं की छोटू म्हणे, "मलाही तेच चालेल, ताई. दोन दोन गोष्टी कशाला करतेस?" आणि तो दोन्ही खाई.

तीन महिने गेले.

सासूबाईंनी स्वयंपाकघराची दिशा बदलली. उजवीकडचे डबे डावीकडे गेले, चमचे कुठल्याशा उंच फळीवर गेले. बायकोला घाईच्या सकाळी साखर सापडेना. तिने विचारलं की सासूबाई म्हणत, "असेल तिथेच. शोधलं की सापडतं." कवळी बनवताना जे औषध कालवावं लागतं त्याला उग्र वास असतो. त्या वासाने सासूबाईंचं डोकं उठायचं. म्हणून दातवाल्यांनी त्या अंघोळीला गेल्या की औषध कालवायचं आणि त्या बाहेर यायच्या आत खिडक्या उघडून वारा घ्यायचा, असं ठरलं. ठरलं म्हणजे सासूबाईंनी ठरवलं. सुदैवाने त्यांची अंघोळ तासभर चाले. दुर्दैवाने त्यामुळे गरम पाणी कुणालाच उरत नसे.

छोटूचा विचार चालू होता. कुठला धंदा करावा, याचा तो बारा वर्षं विचार करत होता. अर्धवट काहीतरी सुरू करण्यात अर्थ नाही, हे त्याचं पक्कं मत होतं, त्यामुळे त्याने काहीच सुरू केलं नव्हतं. विचाराला मोकळी हवा लागते म्हणून तो दातवाल्यांची स्कूटर घेऊन जाई आणि पेट्रोल संपलं की परत येई.

खालच्या मजल्यावर एक शिंपी राहत. वयाने थोर, जिभेने धारदार. जिन्यात दातवाले पायी येताना दिसले की ते कात्री खाली ठेवून विचारत, "काय दातवाले, बसली का कवळी?"

"बसतेय हळूहळू."

"कवळी काय बसायची. माणसं बसलीत." मग जरा थांबून ते म्हणाले, "आमच्या वेळी लोक घरजावई करून घ्यायचे. घरसासरा मी पहिल्यांदाच बघतोय."

दातवाले हसले आणि वर गेले. त्यांना चिडता येत नसे असं नाही. चिडायला जो एक क्षण लागतो तो त्यांच्या हातून नेहमी निसटून जाई, आणि मग फार उशीर झालेला असे.

पाचव्या महिन्यात ज्या दवाखान्याचं सगळ्यात जास्त काम त्यांच्याकडे येई, तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना बोलावून घेतलं. बाई स्वभावाने सडेतोड होत्या. त्यांनी टेबलावर एक कवळी ठेवली.

"हुंगून बघा."

दातवाल्यांनी हुंगली. बुटाच्या पॉलिशचा वास येत होता. हिरडीच्या गुलाबी कडेला काळसर रेघही होती.

"पेशंट म्हणतो, जेवताना चपलांच्या दुकानात बसल्यासारखं वाटतं," बाई म्हणाल्या. "बावीस वर्षांत मी तुम्हाला एक शब्द बोललेली नाही. काय चाललंय?"

दातवाल्यांच्या सगळं लक्षात आलं. आदल्या आठवड्यात छोटूचे बूट फार चकाकत होते. कवळीला चकाकी आणायच्या चाकावर त्याने ते घासले होते, आणि त्याच चाकावर दातवाल्यांनी नंतर ती कवळी धरली होती. ते बाईंना काही बोलले नाहीत. कवळी घेऊन आले, चाकाचं कापड बदललं, आणि ती कवळी पहिल्यापासून नवी बनवून स्वतः पेशंटच्या घरी पोचवली. बावीस वर्षांचा गर्व असा बुटांपायी गेला.

घरी छोटूला ते एवढंच म्हणाले, "त्या चाकावर बूट घासू नकोस."

"का? काय फर्स्ट क्लास चमकतात, दाजी! मी तर म्हणतो, याचाच धंदा करता येईल," छोटू म्हणाला, आणि विचार करायला स्कूटर घेऊन गेला.

सातव्या महिन्यात मुलगी सुट्टीला आली. तिच्या खोलीत आजीआजोबा, बाहेर मामा. तिचं अंथरूण कामाच्या खोलीत पडलं, प्लॅस्टरच्या जबड्यांखाली. पहिले दोन दिवस तिने हसण्यावारी नेलं. आजोबांनी तिच्या अभ्यासाच्या वह्या तपासून प्रत्येकीवर लाल पेनाने शेरा लिहिला. एका वहीवर लिहिलं, 'अक्षर बरे. विचार अस्ताव्यस्त.' दोन आठवड्यांची सुट्टी होती. दहाव्या दिवशी ती म्हणाली, परीक्षेची तयारी आहे, आणि पिशवी भरून निघून गेली. जाताना आईच्या गळ्यात पडली, पण डोळ्यात बघितलं नाही. बायको बस जाईपर्यंत उभी राहिली, मग तशीच कार्यालयात गेली. त्या दिवशी तिने तक्रारींच्या खिडकीवर तीन माणसांना तक्रार न ऐकताच परत पाठवलं, असं तिनेच नंतर सांगितलं.

त्याच दुपारी सासऱ्यांनी कवळी पुन्हा दुरुस्तीला दिली. आता मागच्या दाढांपाशी टोचत होतं. ही तिसरी जोडी होती. दातवाल्यांनी ती उजेडात धरली, भिंग लावलं, आणि त्यांचा हात थांबला.

दाढांची टोकं झिजून सपाट झाली होती. वाटीत पडून राहिलेल्या कवळीची टोकं कशी असतात आणि रोज कडक चावणाऱ्या कवळीची कशी, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. ही कवळी नुसती चावत नव्हती, मेहनत करत होती. दोन दाढांच्या फटीत काहीतरी तपकिरी अडकलं होतं. चिमट्याने काढलं. बदामाचं साल.

घरातले बदाम महिन्याभरापासून कमी होत होते. बायकोने त्याबद्दल छोटूला बोलून घेतलं होतं. छोटूनेही नाही म्हटलं नव्हतं. इतक्या गोष्टी खाल्ल्या होत्या की नक्की आठवत नव्हतं.

दातवाल्यांना आधी आला तो राग नव्हता. आधी त्यांना बरं वाटलं. सात महिने ते मनातल्या मनात स्वतःच्या हाताला दोष देत होते. वय झालं, नजर गेली, आता माप चुकायला लागलं, असं त्यांना वाटू लागलं होतं. माप चुकलेलं नव्हतं. कवळी पहिल्या दिवसापासून चोख बसली होती. राग त्यानंतर आला, आणि तो आल्यावर मात्र बराच वेळ गेला नाही.

संध्याकाळी बायको घरी येताना ते तिला बसथांब्यावरच गाठायला गेले. घरात बोलायला जागाच नव्हती. थांब्यावरच्या बाकावर त्यांनी तिला रुमालात बांधलेलं ते साल दाखवलं आणि कवळीवरची झीज समजावून सांगितली. तिने सगळं ऐकून घेतलं, जशी ती रोज नळाला पाणी नसल्याचं ऐकून घेई.

"तुम्ही इतके दिवस बोलला का नाहीत?" तिने विचारलं.

"तुझे आईवडील. तुला वाईट वाटेल म्हणून."

"मला?" ती त्यांच्याकडे बघतच राहिली. "अहो, मला दुसऱ्या महिन्यापासून जीव नकोसा झालाय. मी गप्प बसले ते तुमच्यासाठी. तुम्ही एका शब्दाने कुरकुरला नाहीत. मला वाटलं, तुम्हाला आवडतंय त्यांचं असणं. वडिलांच्या मागे तुम्हाला कुणी मोठं माणूस नाही, म्हणून..."

"मला वाटलं तुला आवडतंय."

 समोरून तिच्या नंबरच्या आणखी दोन बस येऊन गेल्या.

"मग सांगा त्यांना," बायको म्हणाली.

"तू सांग. तुझे वडील आहेत."

"आपलेच दात, आपलेच ओठ. मी कशी सांगू? आणि तुम्ही सांगितलंत तर जन्मभर म्हणतील, जावयाने घालवून दिलं." मग ती तक्रारींच्या खिडकीवरच्या आवाजात म्हणाली, "तिसऱ्याने सांगावं लागतं. आमच्याकडेही असंच असतं. शेजाऱ्याशेजाऱ्यांचं पाण्यावरून भांडण झालं की आम्ही माणूस पाठवतो. तुमच्या डॉक्टरीणबाई कशा आहेत?"

"सडेतोड."

"झालं तर."

दुसऱ्याच दिवशी दातवाल्यांनी डॉक्टरीणबाईंना फोन करून सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, "आणा त्यांना. मी बघते." सासरेही खुशीने तयार झाले. कवळी टोचते हे खुद्द डॉक्टरांच्या तोंडून निघालं तर त्यांना हवंच होतं. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, खिशाला पेन लावलं आणि तपासणीला निघाल्यासारखे निघाले.

दवाखान्यात गर्दी होती. भिंतीलगत बाकावर सात-आठ वयस्कर माणसं. सासरे बसले आणि सवयीने इकडेतिकडे बघू लागले. घड्याळ पाच मिनिटं मागे आहे, खिडकीची काच तडकली आहे, पाण्याच्या पिंपाला पेला नाही. मग त्यांच्या समोरचे एक ताठ बसलेले गृहस्थ पुढे झुकले.

"आपण शाळा तपासनीस होता का?"

"होतो. आपण?"

"मी मुख्याध्यापक होतो. आपण आमची शाळा तपासली होती. एकवीस वर्षं झाली." गृहस्थांनी घसा साफ केला. "'शिस्त बरी. मुतारीची अवस्था शोचनीय. मुख्याध्यापक बोलतात फार.' हा आपला शेरा."

बाकावरची एक आजीबाई तोंडाला पदर लावून हसली.

"असेल," सासरे म्हणाले. "तशी अवस्था असेल म्हणूनच लिहिलं असेल."

"मुतारी मी दुसऱ्या आठवड्यात दुरुस्त करून घेतली."

"मग तसं कळवायचं होतंत."

"तीन पत्रं पाठवली. उत्तर नाही. तो शेरा अजून तसाच आहे."

"बोलता फार, हेही खरंच दिसतंय."

दातवाल्यांना वाटलं, आता प्रकरण हातघाईवर येणार. पण मुख्याध्यापक मागे टेकले आणि त्यांनी विषय बदलला, निदान दातवाल्यांना तसं वाटलं.

"दातांचं काही दुखणं?"

"कवळी. टोचते," सासरे म्हणाले. "सात महिने झाले. चावता येत नाही."

"अरेरे. माझी बघा." मुख्याध्यापकांनी ओठ मागे खेचून सगळ्या बाकाला कवळी दाखवली. दातवाल्यांनी ती ओळखली, त्यांच्याच हातची होती. "सहा महिने झाले. भाजलेले शेंगदाणे खातो, रोज मूठभर. अशी कवळी सगळ्यांच्या नशिबी नसते. काही काही जबडेच मुळात वाईट असतात."

सासऱ्यांचा चेहरा लाल झाला.

"शेंगदाणे?" ते म्हणाले. "शेंगदाण्यांचं काय घेऊन बसलात? शेंगदाणे हिरड्यांनीही खाता येतात. मी बदाम फोडतो. कच्चे. भिजवलेलेसुद्धा नाहीत."

"आत्ता तर म्हणालात, चावता येत नाही."

सासऱ्यांनी शर्टाच्या वरच्या खिशात बोटं घातली. पेनाच्या शेजारून एक बदाम काढला, तोंडात टाकला आणि चावला. काड् असा आवाज झाला. तो सगळ्या बाकाने ऐकला. दुसरा टाकला. पुन्हा तसाच आवाज. बाकावरची सगळी माणसं, बहुतेक बिनदातांची, आदराने बघत होती.

"कुणी बनवली हो ही?" त्या आजीबाईने विचारलं.

"आमच्या जावईबापूंनी!" सासरे ताठ होऊन म्हणाले. "हे बसलेत ना. पहिल्या दिवसापासून इंचभर हलली नाही. असा कारागीर दुसरा सापडणार नाही. लिहून देतो."

एवढं बोलून त्यांनी दातवाल्यांकडे पाहिलं. दातवाल्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. आत्तापर्यंत कुणी केली नव्हती अशी स्तुती आणि सात महिन्यांच्या खोटेपणाचा कबुलीजबाब, दोन्ही एका दमात बाहेर पडलं होतं. दातवाल्यांना हसावं की काय करावं कळेना. त्यांनी खाली बघितलं आणि बुटाची नाडी बांधली, ती सुटलेली नव्हती.

आतलं दार उघडलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या. काय तक्रार आहे?"

सासऱ्यांनी उरलेला बदाम गिळला. "तक्रार अशी नाही," ते म्हणाले. "सहज आलो होतो."

परत येताना दोघं चालत आले. स्कूटर छोटूकडे होती. बाजाराच्या कोपऱ्यावर सासरे दमले म्हणून एका बंद दुकानाच्या पायरीवर टेकले. रागवायची संधी दातवाल्यांच्या समोर होती, आणि या वेळी ती निसटून गेलेली नव्हती.

"बाबा," ते म्हणाले, "मी सात महिने समजत होतो की मला काम येईनासं झालं."

सासऱ्यांनी पायरीवरची धूळ बोटाने पुसली.

"तिकडे आमच्या घरी सकाळी पेपर येतो," ते म्हणाले. "नऊ वाजता वाचून संपतो. मग काही नाही. गल्लीतली माणसं मला बघून रस्ता बदलतात, मी चुका काढतो म्हणून. छोटूची आई बोलत नाही, छोटू झोपलेला असतो. इथे निदान तुम्ही उजवीकडे टोचतं म्हटलं की उजवीकडे बघता." मग म्हणाले, "चूक झाली. शेरा मागे घेतो."

दातवाले पुढे झाले. त्यांनी हात दिला आणि सासऱ्यांना उठवलं. घरी आल्यावर सासऱ्यांनी सासूबाईंना सांगितलं, "कवळी बसली. आवराआवर करा." सासूबाईंनी विचारलं, "आजच?" ते म्हणाले, "आज नाही. पण करा."

आवराआवर सुरू झाली आणि सुरूच राहिली. सासूबाई सकाळी एक ट्रंक भरत आणि दुपारी काहीतरी शोधायला ती रिकामी करत. असं आठवडाभर चालल्यावर एका संध्याकाळी दारावर मुख्याध्यापक उभे. हातात पिवळी पडलेली एक फाईल. त्यांनी त्या शेऱ्याची आणि तीन पत्रांची नक्कल जपून ठेवली होती आणि ती दाखवायला पत्ता शोधत आले होते. दोघं म्हातारे जेवणाच्या टेबलावर समोरासमोर बसले आणि दोन तास भांडले. मुताऱ्यांपासून सुरू झालेलं भांडण व्याकरणावर गेलं, व्याकरणावरून अक्षरावर. दातवाले आतल्या खोलीत मेण लावत ऐकत होते. सात महिन्यांत सासऱ्यांचा असा आवाज त्यांनी ऐकला नव्हता. त्यात एक तरतरी होती.

मुख्याध्यापक दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी त्यांनी दातवाल्यांच्या बायकोला बाजूला घेऊन जरा अवघडून विचारलं, "माझं घर मोठं आहे. बायको जाऊन सहा वर्षं झाली. वरचा मजला नुसता पडून आहे. यांना तिथे राहायला पाठवाल का? म्हणजे... अर्धवट राहिलेली चर्चा रोज इतक्या लांब चालत येऊन करणं मला जमत नाही."

तक्रारींच्या खिडकीवर वीस वर्षं काढलेल्या बाईला त्या दिवशी पहिल्यांदा उत्तर देताना शब्द सुचेना. शेवटी ती म्हणाली, "त्यांची आई... म्हणजे माझी आई आणि भाऊही बरोबर असतो."

"येऊ दे," मुख्याध्यापक म्हणाले. "माणसं लागतातच घरात."

ट्रंका दोन दिवसांत भरून झाल्या.

छोटूचं तिकडे जमलं नाही. मुख्याध्यापक पहाटे पाचला उठत आणि घरातल्या प्रत्येकाने उठून व्यायाम केलाच पाहिजे असा त्यांचा नियम होता. सोफ्यावर झोपलेल्या माणसावर ते तांब्याभर गार पाणी ओतत, आणि वर विचारत, "आज काय काय करणार, सांग. मुद्देसूद." सहाव्या आठवड्यात छोटूने नोकरी शोधली, तीही तीनशे किलोमीटर लांब, एका एसटी आगारात. बारा वर्षांचा विचार सहा आठवड्यांत कृतीत आला, हे दातवाल्यांच्या बायकोला अजून खरं वाटत नाही.

सासरे आणि मुख्याध्यापक रोज भांडतात. शेरा बदललेला नाही. सासऱ्यांनी एकदा तयारी दाखवली होती, पण मुख्याध्यापकांनीच नको म्हटलं. म्हणाले, एवढ्यात नको, मुद्दा अजून पूर्ण व्हायचा आहे.

नंतर एका रविवारी दातवाले आणि बायको त्यांना भेटायला गेले. जरा लवकर निघाले होते, पोचले तर दुपारच्या जेवणाची वेळ. वरच्या मजल्यावर सासूबाईंनी दार उघडलं. आतून दोन म्हाताऱ्यांचा आवाज येत होता. स्वयंपाकघरातले डबे उजवीकडे होते की डावीकडे ते दारातून दिसलं नाही. सासूबाई क्षणभर उंबऱ्यात तशाच उभ्या राहिल्या.

"अगं, आधी कळवून तरी यावं," त्या दातवाल्यांच्या बायकोला म्हणाल्या. "परक्याचं घर आहे. ऐन जेवणाच्या वेळी चार माणसं आली की मीठमिरचीचाही हिशोब चुकतो."

"दोनच आहोत, आई."

"तेच ते. बसा, पाणी आणते."

दोघं पाणी पिऊन, सासऱ्यांना भेटून, वीस मिनिटांत खाली उतरले. जिन्यात बायको भिंतीला हात टेकून हसत सुटली. दातवाले तिच्यासाठी दोन पायऱ्या खाली थांबून राहिले. मग ते बाजारातून लांबच्या रस्त्याने घरी गेले, वाटेत गाजरं घेतली, आणि मुलीला फोन करून विचारलं की पुढची सुट्टी कधी लागते.